संकल्पाचा तिसरा दिवस: दारू एकदम थांबल्यावर झालेल्या वाताचं एक प्रकरण

रुग्ण गवंडी, वय ४३. पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी बायको, दोन मुलं आणि आई यांच्यासोबत राहणारे. (हे प्रकरण एकाच माणसाचं नाही. अशा काही रुग्णांचे तपशील एकत्र करून ते मांडलं आहे, म्हणजे कुणाची ओळख पटणार नाही.) आषाढातल्या अमावास्येला मित्रांबरोबर रात्री अकरापर्यंत पिऊन ते घरी आले, देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि म्हणाले, उद्यापासून श्रावण, आता थेंब नाही. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास १०८ च्या रुग्णवाहिकेतून ते आमच्याकडे आले, तेव्हा चौघांनी त्यांना धरलं होतं.

ते कुणाशी भांडत मात्र नव्हते. ते भिंत बांधत होते. डाव्या हाताने नसलेली वीट उचलायची, उजव्या हातातल्या नसलेल्या थापीने माल पसरायचा, मधेच एक डोळा मिटून ओळंबा बघायचा आणि बाजूच्या मेव्हण्याला ओरडून सांगायचं, "माल पातळ झालाय रं!" अंग घामाने निथळत होतं. हाताची थरथर लांबूनही दिसत होती. भिंतीवरून मुंग्या खाली येतायत म्हणून ते पाय झाडत होते. नाव विचारलं तर बरोबर सांगितलं. कुठे आहात म्हटल्यावर एका साइटचं नाव घेतलं, आणि वार विचारल्यावर माझ्यावरच चिडले.

घरच्यांचं निदान आधीच झालेलं होतं. अमावास्येच्या रात्री चौकातून येताना कुणाचा तरी उतारा ओलांडला, त्याचं हे. संध्याकाळी देवऋषी येऊन गेला होता, दंडाला काळा दोरा होता. रुग्णवाहिका बोलावली ती मेव्हण्याने, कारण रुग्णाचं अंग त्याच्या हाताला तापलेलं लागलं होतं आणि देवऋषीच्या अंगाऱ्याने ताप उतरत नव्हता.

दारूबद्दल विचारल्यावर पत्नीने जे सांगितलं ते शब्दशः लिहून ठेवण्यासारखं आहे. "घ्यायचे थोडीफार. पण आता तीन दिवस झाले डॉक्टर, तोंडाला लावली नाही. पोरांच्या डोक्यावर हात ठेवून सांगते." तिच्या लेखी दारूचा संबंध नसल्याचा हा पुरावा होता. निदानाच्या दृष्टीने नेमकी हीच सगळ्यांत महत्त्वाची माहिती होती. दारूच्या नशेत कुणी असं वागत असेल तर ते काही तासांत निवळतं. दारू थांबून दोन-तीन दिवस झाल्यावर कुणी असं वागायला लागला, तर प्रकरण जिवावरचं आहे असं धरून चालावं लागतं.

"थोडीफार" म्हणजे किती, ते थोरल्या मुलाने बाहेर व्हरांड्यात सांगितलं. कामावर जायच्या आधी एक क्वार्टर, दुपारी अर्धी, रात्री दीड. आईसमोर तो हे बोलला नसता. क्वार्टर म्हणजे १८० मिली. विदेशी मद्याच्या बाटलीवर छापलेलं ४२.८ टक्के प्रमाण धरलं तर एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. म्हणजे रोजचं १८० ग्रॅम, तेही कित्येक वर्षं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती सकाळची क्वार्टर. सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाही, थापी धरता येत नाही, असं जेव्हा होतं तेव्हा शरीर रोज पहाटे छोटीशी विथड्रॉवल, म्हणजे दारू थांबल्यावर होणारा त्रास, भोगत असतं आणि माणूस ती रोज दारूनेच दाबत असतो. किती पितो या प्रश्नाला खोटं उत्तर मिळतं. "सकाळी घेतल्याशिवाय हात थरथरतात का?" याला बहुतेक वेळा खरं मिळतं.

मागचे तीन दिवस आम्ही तासांत मांडले, कारण या आजाराचं घड्याळ शेवटच्या घोटापासून सुरू होतं. पहिल्या सकाळी, म्हणजे आठ तासांनी, हात थरथरू लागले, उलट्या झाल्या, छाती धडधडू लागली. आई म्हणाली, अंगातली दारू उतरतेय, उतरू दे. घरात त्या दिवशी आनंदच होता. रात्री डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या पहाटे पाचला, तीस तासांनी, झटका आला. सगळं अंग ताठलं, तोंडाला फेस, कपाळ चुलीच्या कट्ट्यावर आपटलं. शेजाऱ्याने चप्पल हुंगवली, कुणी दातात चमचा घातला. झटका दोन मिनिटांत आपोआप थांबला, आणि श्रेय चपलेला गेलं. जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची सलाइन आणि फिटच्या गोळ्या मिळाल्या आणि ते घरी आले. त्याच संध्याकाळी कोपऱ्यात मुंग्या दिसायला लागल्या. तिसऱ्या दिवशी ते कुणाला ओळखेनात.

हा क्रम पाठ्यपुस्तकातला आहे. सहा ते आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, बेचैनी. झटके बहुतेक वेळा पहिल्या ४८ तासांत. आणि वात, म्हणजे भान हरपून भास होणं आणि बरळणं, ज्याला वैद्यकात डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, साधारण ४८ ते ९६ तासांत. मधली शांतता फसवी असते. झटका येऊन गेला, पुढचे बारा तास बरे गेले, की लोकांना वाटतं संकट टळलं. उपचार न झालेल्या झटक्यांच्या रुग्णांपैकी साधारण तिघांतला एक पुढे वातात जातो. एकेकाळी वात झालेले शंभरातले पस्तीसपर्यंत दगावत. वेळेवर उपचार मिळाले तर हे प्रमाण पाचाच्या खाली येतं. या आजारात वेळेवर ओळखणं हाच अर्धा उपचार आहे असं मी म्हणतो, ते या आकड्यांमुळे.

मेंदूत काय होतं, ते पत्नीला आणि मेव्हण्याला मी असं सांगितलं. दारू मेंदूला खाली दाबते: शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम ती वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा कमी करते. वर्षानुवर्षं रोज दाबलं गेल्यावर मेंदू उलट्या बाजूने रेटा द्यायला शिकतो. गाबाला प्रतिसाद देणं कमी करतो, ग्लुटामेटचे ग्राहक, म्हणजे ते झेलणारे पेशींवरचे भाग, वाढवतो. दाराला दोन्ही बाजूंनी दोघे रेटत असावेत आणि एकाने अचानक अंग काढून घ्यावं, तसं दारू एकदम थांबल्यावर होतं. मेंदूचा रेटा तसाच राहतो आणि त्याला अडवणारं कुणी उरत नाही. थरथर, घाम, वाढलेली नाडी, झटका, वात ही सगळी त्याच मोकाट रेट्याची रूपं.

हे कळायला वैद्यकालाही फार वेळ लागला. थॉमस सटन या इंग्लिश डॉक्टरने १८१३ मध्ये डिलिरियम ट्रेमेन्स हे नाव दिलं, पण पुढची शंभराहून अधिक वर्षं वाद चालू राहिला: हा वात दारूच्या विषाने होतो, की ती थांबल्याने? अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टन इथे हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने त्याचा निकाल लावला. चांगलं खाणंपिणं आणि जीवनसत्त्वं देत काही जणांना आठवड्यांमागून आठवडे दारू पाजली आणि मग ती अचानक बंद केली. ४८ ते ८७ दिवस प्यालेल्या सहा जणांपैकी दोघांना झटके आले आणि तिघांना वात झाला. असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, देऊही नये. पण त्या माणसांनी जे भोगलं त्यातून कळलेली गोष्ट आमच्या घराघरांत अजून पोहोचलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा धागा. पत्नीला विचारलं, याआधी कधी बंद केली होती का? "दर श्रावणात करतात ना," ती म्हणाली. सहा-सात वर्षांचा नेम होता. सुरुवातीला दोन दिवस हात थरथरायचे आणि मग महिना चांगला जायचा. पुढे झोप उडायला लागली, अंगात कणकण यायची. मागच्या वर्षी दुसऱ्या दिवशी "चक्कर येऊन" पडले होते, जीभ चावली होती, धोतरात लघवी झाली होती. तो झटकाच होता. घाबरून त्यांनी त्याच संध्याकाळी प्यायला सुरुवात केली, सगळं थांबलं, आणि महिना मोडल्याचं शल्य वर्षभर राहिलं.

दरवेळच्या अचानक थांबण्याने मेंदू पुढच्या वेळेसाठी जास्त भडकाऊ होत जातो. वैद्यकात याला किंडलिंग म्हणतात. म्हणून दहा वर्षं सलग पिणाऱ्यापेक्षा अनेकदा सोडून अनेकदा धरणाऱ्याची विथड्रॉवल जास्त बिकट असू शकते. या गृहस्थांचा श्रद्धेचा नेमच दर वर्षी त्यांना आणखी धोक्यात नेत होता, आणि हे त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. गटारीनंतरच्या आठवड्यात, नवरात्रात घट बसल्यावर, माळ घातल्यावर असे रुग्ण आमच्याकडे येतात. हाड मोडून किंवा पोटाच्या ऑपरेशनसाठी दाखल झालेला माणूस तिसऱ्या दिवशी "वेड्यासारखं करतोय" म्हणून बोलावणं येतं तेही अनेकदा हेच असतं: रुग्णालयात दारू मिळत नाही, एवढंच घडलेलं असतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दुकानं एका रात्रीत बंद झाली तेव्हा देशभर हेच झालं. केरळ सरकारने तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर मद्य देण्याचा आदेश काढला होता, आणि उच्च न्यायालयाने तो स्थगित केला. दारू हे या अवस्थेचं औषध नव्हे, हे न्यायालयात गेलेल्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबरच होतं. औषधं आहेत, स्वस्त आहेत, जुनी आहेत.

तपासणीत नाडी १२८, रक्तदाब १७०/१००, ताप १०१.४ फॅरनहाइट. डोळे बाजूला न्यायला सांगितल्यावर बुबुळं उड्या मारत होती. कपाळावर टेंगूळ. डोळ्यांत किंचित पिवळेपणा. इथे घाई करून चालत नाही. ताप, बरळणं आणि पावसाळा म्हटल्यावर मलेरिया, डेंगी, लेप्टो, मेंदूज्वर हे सगळे उभे राहतात, आणि त्यांच्या प्लेटलेट्स ८२ हजार निघाल्या तेव्हा संशय वाढलाच. प्लेटलेट्स दीर्घ मद्यपानानेही उतरतात, पण तसं गृहीत धरून तपासण्या टाळता येत नाहीत. त्या केल्या, सगळ्या नकारात्मक आल्या. कपाळ आपटलेलं होतं म्हणून डोक्याचा सीटी स्कॅन केला, रक्तस्राव नव्हता. रक्तातली साखर ७४, पोटॅशियम २.९, मॅग्नेशियम १.२, बिलिरुबिन २.१. यकृताच्या तपासणीतलं एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त, दारूने यकृत बिघडल्याची खूण. ईसीजीत क्यूटीचं अंतर लांबलेलं; ते लांबलं की हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो.

उपचाराचा कणा बेन्झोडायझेपिन गटाची औषधं. दारू गाबाच्या ज्या ग्राहकांवर काम करते त्यांच्यावरच ती काम करतात, पण मोजून देता येतात आणि मोजून कमी करता येतात. क्लोरडायझेपॉक्साइड आणि डायझेपाम शरीरात जास्त वेळ टिकतात, म्हणून साध्या विथड्रॉवलमध्ये सोयीची. यकृत बिघडलेलं असेल तर ती साठत जातात. म्हणून इथे लोराझेपाम निवडलं. शिरेतून सावकाश ४ मिलिग्रॅम, पंधरा मिनिटांनी पुन्हा ४, मग पुन्हा ४. प्रत्येक मात्रेनंतर श्वास आणि ऑक्सिजन बघत. ध्येय एकच: डुलकी लागावी, पण हाक मारल्यावर डोळे उघडावेत. पहिल्या चोवीस तासांत एकूण २८ मिलिग्रॅम लागलं. एरवी हा आकडा बघून कुणीही दचकेल. वातात मात्र भीतीने अर्धवट मात्रा दिली की रुग्ण शांतही होत नाही आणि धोक्यातून बाहेरही येत नाही. अर्थात हे देखरेखीखालचं काम आहे. घरी कुणी करू नये.

दोन गोष्टी आम्ही दिल्या नाहीत. एक, हॅलोपेरिडॉल, मनोविकारात भडकलेल्या रुग्णाला शांत करणारं औषध. आरडाओरडा दिसला की हात आपोआप त्या इंजेक्शनकडे जातो. पण ते झटक्याची शक्यता वाढवतं आणि क्यूटी आणखी लांबवतं, आणि इथे पोटॅशियम, मॅग्नेशियम दोन्ही खाली होती. दुसरी, फिटच्या नेहमीच्या गोळ्या. त्यातलं फेनिटॉइन विथड्रॉवलच्या झटक्यांना थोपवत नाही. याउलट १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या एका अभ्यासात, पहिल्या झटक्यानंतर लोराझेपामची २ मिलिग्रॅमची एकच मात्रा दिलेल्यांत पुढच्या सहा तासांत पुन्हा झटका आला तो ३ टक्क्यांना, न दिलेल्यांत २४ टक्क्यांना. त्या पहाटे एवढं एक इंजेक्शन आणि "दारू कधी थांबवली?" हा एक प्रश्न पुरला असता.

थायमिनबद्दल, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाबद्दल, जरा थांबून बोलायला हवं. रोज दीडदोनशे ग्रॅम अल्कोहोल पिणारा माणूस धड जेवत नाही, आणि जे खातो त्यातलं बी-१ आतड्यातून नीट शोषलं जात नाही. शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. तो संपला की मेंदूच्या खोल भागात इजा होते. कार्ल वेर्निकेने १८८१ मध्ये तिचं वर्णन केलं: गोंधळ, डोळ्यांच्या हालचालीतला दोष, तोल जाणं. तिन्ही लक्षणं एकत्र दिसणारे रुग्ण थोडे, म्हणून एक जरी दिसलं तरी उपचार सुरू करायचे. या रुग्णाच्या उड्या मारणाऱ्या बुबुळांकडे आम्ही त्याच नजरेने पाहिलं. ५०० मिलिग्रॅम थायमिन, शंभर मिली सलाइनमधून अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा, तीन दिवस. त्यानंतर कमी मात्रेत. नुसतं ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं, म्हणून थायमिन ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत जायला हवं. (साखर धोकादायक उतरली असेल तर मात्र ग्लुकोजसाठी थांबायचं नाही.) आपल्याकडे "एक सलाइन लावा, ताकद येईल" ही मागणी रुग्णाची असते आणि ती पुरवणंही सोपं असतं. पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्या सलाइनमध्ये काय आहे हे बघितल्याशिवाय ती लावू नये.

मॅग्नेशियम आणि पोटॅशियम शिरेतून भरून काढलं. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही दिलं तरी टिकत नाही, आणि थायमिनही नीट काम करत नाही. खोलीत दिवा रात्रभर चालू ठेवला, कारण अंधारात सावल्या मुंग्या होतात. हातपाय बांधले नाहीत. नातेवाइकांनी येताना साडीने मनगटं बांधली होती ती सोडली. बांधलेला माणूस झगडतो, ताप वाढतो, स्नायू फुटतात. मेव्हणा रात्रभर उशाशी बसला आणि दर वेळी ते उठले की सांगत राहिला, "दाजी, मी हाय. दवाखान्यात हाय आपण." हेही औषधच होतं.

विथड्रॉवलची तीव्रता मोजायला सीवा-एआर नावाची दहा प्रश्नांची मोजपट्टी आहे, कमाल गुण ६७. आठ-दहाच्या आत बहुधा औषध लागत नाही, पंधराच्या वर सावध व्हायचं. पण तिच्यातले निम्मे प्रश्न रुग्णाच्या उत्तरावर चालतात. जो भिंत बांधतोय त्याला "तुम्हाला किती अस्वस्थ वाटतंय?" विचारून काय मिळणार? म्हणून वात असेपर्यंत आम्ही नाडी, घाम आणि जागेपणा एवढ्यावर मात्रा ठरवल्या. मोजपट्टी पाचव्या दिवसापासून वापरली.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी बायकोला विचारलं, "पोरं शाळेत गेली का?" मधले दिवस त्यांना आठवत नव्हते. ताप उतरला, बुबुळं स्थिरावली, पण चालताना पाय फाकवून टाकत होते. लोराझेपाम गोळ्यांवर आणून पुढच्या सहा दिवसांत थांबवलं. ही पायरी विसरली तर एक सवय जाऊन दुसरी लागते.

घरच्यांशी बोलणं उपचाराइतकंच लांबलं. आईला वाटत होतं, संकल्प खोटा ठरला. मी तिला सांगितलं, "आजी, संकल्प खराच आहे. फक्त पुढच्या वेळी देवासमोर हात जोडायच्या आधी दवाखान्यात या." पत्नीने मग हळूच पिशवीतून एक पाकीट काढलं. चहातून द्यायची गोळी कुणीतरी आणून दिली होती, नवऱ्याला न सांगता द्यायची. डायसल्फिराम होतं ते. ही गोळी पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, क्वचित जीवही जातो. शेवटच्या घोटाला किमान बारा तास झाल्याशिवाय ती सुरू करत नाहीत, आणि घेणाऱ्याला माहीत नसताना तर कधीच देत नाहीत. तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. अनेक घरांत हेच चालतं, कारण नवरा दवाखान्यात यायला तयार नसतो आणि तिच्या हातात दुसरं काहीच नसतं. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक तिला लिहून दिला. माणूस यायला तयार नसेल तरी घरच्यांनी फोन करायला हरकत नसते.

घरी जाताना थायमिनच्या गोळ्या आणि दारूची ओढ कमी करणारं अकॅम्प्रोसेट दिलं, कारण ते यकृतावर भार टाकत नाही आणि मूत्रपिंडं त्यांची चांगली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची बैठक भरते, तिचा पत्ता दिला. ते दोनदा गेले, मग बसभाडं परवडेना. श्रावण गेला, गणपती झाले, दसरा कोरडा गेला. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागली, एका वरातीत पुन्हा सुरुवात झाली, आणि महिन्याच्या आत सकाळची क्वार्टर परत आली.

माघात त्यांची पत्नी एकटी ओपीडीत आली. "बंद करायची म्हणतायत. बंद करायच्या आधी आणू का नंतर?" ज्याला एकदा वात झालाय किंवा झटका आलाय, त्याला घरी औषधं देऊन दारू सोडवत नाहीत. दाखलच करावं लागतं. ते दाखल झाले तेव्हा तोंडाला वास होता, आणि तसेच यायला आम्ही सांगितलं होतं. पहिल्याच तासात शिरेतून थायमिन सुरू झालं. यकृताच्या तपासण्या या वेळी बऱ्या होत्या, म्हणून क्लोरडायझेपॉक्साइड २५ मिलिग्रॅम दिवसातून चारदा दिलं, गुण वाढले की जास्तीची मात्रा. सीवा-एआरचा सगळ्यांत वरचा आकडा १३ गेला, तोही दुसऱ्या दिवशी दुपारी. झटका नाही, वात नाही. आठव्या दिवशी औषध थांबवून ते घरी गेले.

टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं की अजून त्यांचा तोल जातो. परांचीवर चढू नये असं त्यांना लेखी दिलं आहे. मुकादमाने ते ऐकलं, आणि आता ते फरशी बसवण्याची कामं घेतात. या आषाढात ते पंढरपूरला जाऊन माळ घालणार आहेत. या वेळी सोडायचं असं काही उरलेलं नाही, त्यामुळे मी हो म्हटलं, आणि वारीच्या पिशवीत थायमिन आणि अकॅम्प्रोसेट पुरेल इतकं बांधून दिलं.